बाबांच्या दुपारचा अंधार

मी वर्ध्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस म्हणून लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. चष्म्याचे नंबर काढायचे, डोळ्यांची मापं घ्यायची, ऑपरेशनच्या पेशंटना समजावून सांगायचं, असं माझं काम होतं. त्या वर्षी आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला. जन्मभर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर दिवसाकाठी किती उजेड पडतो आणि सावलीत बसून काम करणाऱ्याच्या डोळ्यावर किती, हे त्यांना मोजायचं होतं. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक घुमट असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्या पारपटलावर आणि आतल्या भिंगावर या उजेडाचा काय परिणाम होतो, ते त्या शोधत होत्या. वर्ध्याजवळच्या आंजी गावाकडचे शेतकरी आणि वर्ध्याच्या बाजारातले दुकानदार असे दोन गट केले होते. प्रत्येकानं पंधरा दिवस अंगावर एक सेन्सर लावायचा. सेन्सर म्हणजे सदऱ्याच्या बटणापेक्षा थोडी मोठी चकती, कॉलरला चिमट्यानं अडकवायची. लोक तिला बिल्ला म्हणायचे, मग आम्हीही बिल्लाच म्हणायला लागलो.

पंधरा दिवसांनी बिल्ले परत आले की मी ते कॉम्प्युटरला जोडायचे. मागच्या खोलीत, जेवण झाल्यावर, पडदे ओढलेले, पंखा हळू फिरतोय, आणि पडद्यावर कुणाकुणाचे दिवस उगवताहेत. खरंच उगवायचे. पहाटे सपाट काळी रेघ, मग ती हळूच उचलायची, चढत चढत दुपारी डोंगरासारखी व्हायची आणि संध्याकाळी उतरून पुन्हा जमिनीला लागायची. शेतकऱ्यांचे डोंगर उंच आणि खडबडीत असत. ढग आला की मध्येच दरी पडायची. कापडदुकानदारांचे दिवस तळ्याच्या पाण्यासारखे, क्वचित एखादी लाट. एका बाईच्या आलेखात रोज चार वाजता बारीक खाच दिसायची. तिला विचारलं तर म्हणाली, तेव्हा ती निंबाखाली चहा प्यायला बसते. मला फार गंमत वाटली. त्या बाईची सावली मी वर्ध्यात बसून पाहिली होती. कधी कधी झापड यायची, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की समोर सगळ्या तालुक्याची शेतं आहेत, त्यांच्यावरून ऊन चाललंय आणि मी ते वरून बघतेय.

आमचं शेत आंजीजवळच आहे. सुरुवातीला गावातले लोक बिल्ला लावायला तयार होत नव्हते. त्यात कॅमेरा असेल, आवाज भरला जात असेल, अशी त्यांना शंका होती. तेव्हा बाबा गावच्या शाळेत आले, सगळ्यांसमोर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, मला लावा आधी. मग बाकीचे आले. त्या दिवशी शाळेच्या एका वर्गात आम्ही तपासणी मांडली होती. अक्षरांच्या तक्त्यावर चमक येऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या. बाबांची नजर मीच तपासली. त्यांनी एकेक डोळा झाकून शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, जरा थांबत थांबत, पण बरोबर. नजर चांगली, असं मी लिहिलं. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढून बुबुळावर आलं होतं, ते आम्हाला घरी कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. उन्हातान्हात काम करणाऱ्या पुष्कळांना ते होतं. मॅडमनी बॅटरीनं पाहून त्याची नोंद केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाबांचा बिल्ला परत आला तेव्हा मी त्यांचा दिवस सगळ्यांत शेवटी उघडला. मुद्दाम. आवडीचा घास शेवटी ठेवतात तसा. त्यांचा डोंगर सकाळी सुरेख चढत गेला होता, आणि ऐन दुपारी, बाराच्या सुमाराला, एकदम कडा तुटल्यासारखा खाली कोसळला होता. तासाभराहून थोडा जास्त वेळ काळोख. मग पुन्हा तितकाच सरळ वर. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. पंधराही दिवस त्यांच्या दुपारच्या मधोमध एक काळा पट्टा होता.

मॅडम माझ्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, दुपारी काढून खिशात ठेवत असतील, विचार त्यांना, आणि आणखी पंधरा दिवस लावायला सांग.

आठवडाभर मी वर्ध्यात एका खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी आर्वीकडे जाणाऱ्या एसटीनं घरी यायची. त्या रविवारी बाबांना विचारलं, दुपारी बिल्ला काढून ठेवता का. ते नाही म्हणाले. एवढंच. मग उठून गोठ्याकडे गेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की हल्ली ते दिवसा गाडी चालवत नाहीत, कुठं जायचं तर पायीच जातात. मी म्हटलं, पेट्रोल वाचवत असतील. 

आता वाटतं, रविवारी मला काही दिसणारच नव्हतं. रविवारी बाबा घरात असायचे, आणि आमचं घर आतून गार आणि अंधारं आहे. त्या अर्ध्या उजेडात ते मला वर्षभर ठणठणीत दिसत होते. वाटीतल्या भाजीतली मिरची बरोबर वेचून बाजूला काढायचे. मी दुपारभर झोपायची. सोमवारी पहाटे निघून जायची.

नवे पंधरा दिवस सुरू झाले आणि मी त्यातल्या एका बुधवारी कुणाला न सांगता गावी गेले. आंजीला उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाऊस संपून पंधरवडा झाला असेल. ऊन असं पडलं होतं की रस्त्याकडेचं गवतही पांढरट दिसत होतं. शेतात पहिल्या वेचणीचा कापूस फुटला होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचले आणि समोरून बाबा येताना दिसले. दोन्ही बाजूंना पांढरं, वर पांढरं, आणि मध्ये खांद्यावर दुपट्टा टाकून चाललेले बाबा. फार शांत चालले होते, पाण्यातून चालावं तसे, पाऊल आधी टेकवून बघत, मग भार टाकत. मला वाटलं, आता मला पाहतील आणि हसतील. मी हात वर केला. त्यांनी तोंड माझ्याकडे केलं, सरळ माझ्याकडे, आणि मग वळून विहिरीकडे निघून गेले.

मी हात वर धरूनच उभी राहिले. आधी राग आला. न सांगता आले म्हणून रागावले असतील, बिल्ल्याचं विचारलं म्हणून रागावले असतील. मग त्यांच्यामागे गेले. विहिरीवर मोटारीची एक लहानशी खोली आहे, चार भिंती, वर टिनाचं छप्पर, स्टार्टरची पेटी आणि एक लाकडी दार. बाबा आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी दाराशी पोचून ते उघडलं तर आतून आवाज आला.

"कोण व्हय?"

"मी आहो बाबा."

"पयले दार लाव," ते म्हणाले.

मी आत शिरून दार लावलं. डोळ्यांपुढे काही वेळ नुसता हिरवा-काळा गोळा. दाराच्या फटीतून एक पातळ किरण येऊन जमिनीवर पडला होता. हळूहळू बाबा दिसायला लागले. पोत्यावर बसले होते, पाठ भिंतीला. आणि ते माझ्याकडेच पाहत होते, या वेळी खरंच माझ्याकडे.

"आज तं बुधवार हाये," ते म्हणाले. "काऊन आली?"

मी विचारलं की धुऱ्यावर मी दिसले नाही का, मी हात केला होता. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "उन्हात मले नाई दिसत, बेटा. पांढरं पांढरं होते सारं. इथं दिसते."

"इथं काय दिसते?"

त्यांनी समोरच्या भिंतीकडे हनुवटी केली. तिथं एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. त्यांनी त्यावरच्या तारखा वाचल्या, मग खालच्या ओळीतलं दुकानाचं नाव वाचलं, मग त्याखालचं बारीक अक्षर. माझे डोळे अजून अंधाराला सरावले नव्हते, मला ते अक्षर दिसतही नव्हतं.

"रोज येतो अन् वाचून पाह्यतो," बाबा म्हणाले. "वाचता आलं का बरं वाटते. मंग जातो कामाले."

मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. खोलीत ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास होता.  मग मी विचारलं, हे कधीपासून. दोनेक साल झाले असतील, असं ते म्हणाले. मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"तू लोकायचे डोळे पाह्यते," ते म्हणाले. "तुह्याच बापाले दिसत नाई म्हटल्यावर लोक काय म्हणतीन? अन् सावलीत तं दिसतेच. म्हटलं, उन्हाचं असन, जाईन आपोआप."

मला तेव्हा शाळेतला तो वर्ग आठवला. खिडक्या मीच बंद केल्या होत्या. एका मोठ्या मोटारीच्या खोलीत बसवून मी त्यांची नजर तपासली होती आणि चांगली म्हणून लिहून टाकली होती.

उठताना माझा हात कोनाड्याला लागला. कोनाड्यात पान्हा होता, वायरचे तुकडे होते आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांची एक पांढरी कुपी होती. ती कुपी मी ओळखत होते. उजवा डोळा लाल झाला की बाबा ते थेंब टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी लाली गेलेली असायची. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं औषध. कॉलेजात असताना दोनदा मीच ते मेडिकलमधून आणून दिलं होतं. कुपीवर काय लिहिलंय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, दार थोडं उघडून, फटीतल्या उजेडात धरून. त्यात स्टेरॉइड होतं. असे थेंब डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं टाकले तर भिंग खराब होतं, हे मी पेशंटना रोज सांगत होते.

बाबांना मी दुसऱ्या दिवशी वर्ध्याला आणलं. बसमध्ये ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. मॅडमनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध टाकलं, अर्धा तास बसवलं आणि मशीनवर पाहिलं. मग मला म्हणाल्या, बघ. मी पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या भिंगांत, मागच्या बाजूला, बरोबर मधोमध साखरेच्या चुऱ्यासारखा एक डाग होता. कडेनं भिंग बऱ्यापैकी स्वच्छ. मॅडमनी थेंबांचं विचारलं. मी कुपी टेबलावर ठेवली आणि दोनदा मी आणून दिली होती हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुपी हातात घेतली, आणि फक्त एवढंच म्हणाल्या की डोळ्यातला दाब वाढलेला नाही, हे नशीब.

बाबांना त्यांनी नीट समजावलं. उन्हात बाहुली बारीक होते, मग उजेडाला आत जायला एकच वाट उरते आणि त्याच वाटेवर डाग बसलेला. अंधारात बाहुली मोठी होते, मग उजेड डागाच्या बाजूनं आत शिरतो. बाबा डोळे मिटून ऐकत होते, औषधानं त्यांना काही सहन होत नव्हतं.

"म्हणजे फाटकात बैल बसला हाये," ते म्हणाले. "फाटक पुरं उघडलं तं बाजूनं जाता येते."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच काका.

"मंग मी बराबरच करत होतो," बाबा म्हणाले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं. खराब भिंग काढून नवं बसवायचं. नवं भिंग किती ताकदीचं हवं, हे पारपटलाच्या बाकावर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतं. ही मापं आमच्याकडे मीच घ्यायची. मी मॅडमना म्हटलं, बाबांची दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. त्या म्हणाल्या, दुसरं कोण आहे? आणि तू सगळ्यांत नीट घेतेस.

बाबांनी मशीनवर हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. मी पलीकडे बसले. मशीनमधून प्रकाशाची वर्तुळं पारपटलावर पडतात, एकात एक, आणि घुमटाचा आकार जसा असेल तशी ती उमटतात. मी बाबांना सांगितलं, मध्ये बघा, पापणी हलवू नका. मग विचारलं, काय दिसतंय.

"विहिरीत गोटा टाकल्यावानी दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मधात एक लाल ठिपका."

माझ्या पडद्यावर त्यांचा डोळा मोठा होऊन आला होता. आमच्या घरात कुणी बापाच्या डोळ्यांत एवढा वेळ पाहत नाही. बोलताना आपण कपाळाकडे बघतो, हाताकडे बघतो, जमिनीकडे बघतो. मला माझ्या बापाच्या डोळ्यांचा रंग नीट माहीत नव्हता. तो गडद तपकिरी होता, आत मधाच्या रंगाच्या रेघा होत्या आणि कडेला वयानं आलेली एक राखाडी-निळी किनार. त्यावर माझी वर्तुळं तरंगत होती. डाव्या डोळ्यावर ती गोल होती, शांत. गंमत म्हणून उजवाही पाहिला, तर नाकाच्या बाजूनं मांसानं पारपटल ओढून धरलेलं, आणि वर्तुळं थापताना एकीकडे ओढल्या गेलेल्या भाकरीसारखी. मी पाहतच राहिले. मागचा पंखा, बाहेरच्या ऑटोरिक्षा, नंबर पुकारणारी बाई, सगळं दूर कुठंतरी चाललं होतं.

डाव्याची मापं मी तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा आकडे वेगळे आले. चौथ्यांदा घेतली, तेही वेगळे.  मॅडम आल्या, आकडे पाहिले आणि म्हणाल्या, उद्या घे. रागावल्या नाहीत. बाबा त्या रात्री माझ्या खोलीवर राहिले. मी खिचडी केली. जेवताना ते म्हणाले की माझ्या खोलीत खिडकी फार मोठी आहे. सकाळी पुन्हा मशीनवर बसलो आणि तिन्ही मापं जुळली. का जुळली, ते मला सांगता येणार नाही. रात्रीची झोप झाली होती, एवढंच.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी समोरच उभी होते. बाबांनी उघडझाप केली, पाणी पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू वाळली," ते म्हणाले.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्यामागे गेली. तिथं खिडकीला पडदा होता. तो निळा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते त्याच बाकावर आधी चार वेळा बसले होते आणि पडदा मातकट आहे असं समजून होते. घरी जाताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. निळं काही दिसलं की मला कोपरानं ढोसत होते. कुणाची साडी, कुणाचं पाण्याचं पिंप, एका घराची भिंत. मग मला झोप लागली, आणि जागी झाले तेव्हा ते गप्प बसून आभाळाकडे पाहत होते, काळा गॉगल कपाळावर सरकवून. मी तो खाली ओढला.

उजवा डोळा सोपा नव्हता. त्यावरचं मांस आधी काढायचं, मग पारपटल आपल्या आकारावर येईपर्यंत थांबायचं आणि मग माप घ्यायचं. घाई केली तर चुकीचं भिंग बसलं असतं. मांस थंडीच्या सुरुवातीला काढलं. त्यानंतर दर महिन्याला बाबा बसनं यायचे आणि मी वर्तुळं पाहायचे. पहिल्या महिन्यात वाकडी, दुसऱ्या महिन्यात थोडी कमी वाकडी. गव्हाला पाणी देऊन मग वर्ध्याला यायचे, चपलांना चिखल असायचा. मशीनवर बसल्यावर कधी कधी ते शेतातलं काही सांगायला लागायचे आणि मी म्हणायची, बोलू नका, डोळा हलतो. मग ते गप्प. त्या गप्प बसण्यातलं सुख मला अजून आठवतं. एका मिनिटाचं असेल, पण त्या मिनिटात दुसरं काही नसायचं, फक्त तो तपकिरी रंग आणि त्यावर जरा जरा गोल होत चाललेलं माझं वर्तुळ.

तीन महिन्यांत आकडे थांबले. उन्हाळा लागायच्या आत दुसरं भिंग बसलं. पण उजवा डोळा डाव्याइतका नाही आला. थोडा तिरपा नंबर राहिला, उजव्यानं एकट्यानं पाहिलं की अक्षराला सावली दिसते. मी कितीदा तरी जुने कागद काढून माझे आकडे तपासले. मॅडम म्हणाल्या की पारपटल नंतरही थोडं बदलतं, ते कुणाला आधी सांगता येत नाही. मला ते पटतं, आणि पटतही नाही. बाबांनी कधी तक्रार केली नाही. मी एकदा आपणहून विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "एक डोळा तारेवरचा पक्षी पाह्यते, एक डोळा बैल पाह्यते. दोन्ही लागते."

अभ्यासातून बाबांचं नाव काढावं लागलं, कारण मध्येच त्यांच्या डोळ्यांची भिंगं बदलली होती. पण मॅडमनी तपासणीची पद्धत बदलली. नजर आता दोनदा पाहायची, एकदा खोलीत आणि एकदा बाहेर ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून. आधी तपासलेल्यांकडेही आम्ही पुन्हा गेलो. आत सगळं वाचणारी काही माणसं बाहेर आल्यावर मधल्या ओळीतच अडखळली. त्यांत एक कापडदुकानदार होते. ते हसून म्हणाले, दुकान सोडून मी बाहेर जातोच कुठं, मला कसं कळणार. एका बाईनं डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं की असं सगळ्यांनाच होतं ना. तिला वाटत होतं की ऊन म्हणजे असंच असतं.

बाबांना या दोनदा तपासण्याचं फार कौतुक वाटलं. जो भेटेल त्याला ते उन्हात उभं करून विचारायला लागले की समोर काय दिसतं. आईला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मग एक दिवस मला म्हणाले की चल, तुझ्या आत्याला पाहून येऊ. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कारंजा घाडगेला दिलेली. महामार्गाला लागून तिच्या घरच्यांची संत्र्याची बाग आहे. आम्ही एसटीनं गेलो. मी तक्ता गुंडाळून बरोबर घेतला होता.

आत्यानं आधी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर बाबांनी तिला अंगणात नेलं, भर उन्हात खुर्चीवर बसवलं आणि मला तक्ता धरून उभं केलं. आत्या हसत होती. तिनं एका डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग दुसऱ्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि मग तक्त्याच्या खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. बाबा जरा हिरमुसले. पुन्हा वाच म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं.

रस्त्यापलीकडे एक ट्रक उभा होता आणि त्यात संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या. अंगणातही एक ढीग होता, निवडायचा राहिलेला. दोघं बहीणभाऊ त्याच्या कडेला बसले. आत्या एकेक फळ उचलून दोन टोपल्यांत टाकत होती, पिकलेलं एकीकडे, कच्चं एकीकडे. बाबांनीही हात घातला. थोड्या वेळानं त्यांचं भांडण सुरू झालं. बाबांनी पिकलेल्यांत टाकलेलं एक संत्रं तिनं उचलून कच्च्यांत टाकलं होतं. बाबांनी ते पुन्हा काढलं, उन्हात वर धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"पिवळं हाये," ते म्हणाले.

"देठापाशी पाह्य दादा, हिरवं हाये," आत्या म्हणाली.

त्यांनी देठापाशी पाहिलं. तिथं नखाएवढा हिरवा भाग होता. बाबांनी ते संत्रं सोलून दोन भाग केले, एक तिला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि आंबट आहे असं म्हणून पुढचं फळ उचललं.